मिळाले

1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन होणार, अशी बातमी आली. नोंदणीची सोय स्पीड पोस्टावर जादा पैसे भरून मिळणार, म्हणजे तसं काही बुडालं नाही. तरी बातमी वाचून लागलं. आमच्या घरी ‘रजिस्टर एडी’ या शब्दाला वजन होतं. पोस्टमन सही मागू लागला की आई आधी पदराला हात पुसायची आणि मग विचारायची, कोर्टाचं आहे की नोकरीचं?

बातमी नेमकी गणपतीत पोचली, हेही एक कारण असेल. त्याच दिवसांत माझा एक चुलतभाऊ गेला. मला ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. वर कुणाच्या तरी आराशीचा फोटो, खाली कुणाच्या तरी नातवाचा नाच, मध्ये दोन ओळी. मी त्या चार तासांनी पाहिल्या. तोवर सुतकात असून मी सोसायटीच्या आरतीला झांजा वाजवून आलो होतो. विचारलं तर उत्तर आलं, ‘ग्रुपवर टाकलं होतं की.’ टाकलं होतं, हे खरंच.

निरोपाच्या साधनांचा इतिहास सांगायला बसलं की लोक तारेपासून सुरुवात करतात. मला तारेचं कधी फार कौतुक वाटलं नाही. 1854 मध्ये ती सर्वसामान्यांना खुली झाली, जुलै 2013 मध्ये बंद पडली, आणि शेवटच्या दिवशी आयुष्यात कधी तार न केलेल्यांनीही तारघरासमोर रांगा लावल्या. मुंबईत रेडिओ 1927 ला आला, दूरदर्शन 1972 ला. त्यांनी बोलायचं, आपण ऐकायचं. त्यात आपला निरोप कुठे? पेजर तर कमरेला लागला नि सुटलाही, मधल्या काळात त्याने काय सांगितलं ते आठवत नाही.

माझं दशक एसटीडी बूथचं. 1989 ते 1999.

एसटीडी म्हणजे ऑपरेटरला न विचारता थेट परगावी नंबर फिरवणं. देशात ते 1960 मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झालं, पण आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याला त्याचा उपयोग शून्य. तिथे ट्रंक कॉल बुक करायचा आणि जेवून घ्यायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशा तीन जाती. लाइटनिंगचा दर ऐकूनच माणूस शांत व्हायचा. 1984 मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट उभं राहिलं. तिथल्या इंजिनियरांनी 128 जोडण्यांचं लहानसं एक्स्चेंज बनवलं, वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत नि उन्हाळ्यात चालणारं. पुढे खेड्यांपर्यंत डायल टोन पोचला तो अशा यंत्रांमुळे. पित्रोदांवर टीका करणारे तेव्हाही पुष्कळ होते. त्यातल्या किती जणांनी ट्रंक कॉलसाठी रात्र काढली होती, कोण जाणे.

मी तेव्हा पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. खाली पिवळी पाटी, काचेची खोली, आत माणूस शिरला की दिवा लागायचा आणि एक पंखा फक्त आवाज करायचा. काउंटरवर बूथवाले काका. एका पायाने अधू. अपंगांना, विधवांना बूथ देताना प्राधान्य असे, त्यातून त्यांना तो मिळालेला. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, त्यामुळे आमच्यासारख्यांची रांग जेवणानंतर लागायची. मीटरवरचे लाल आकडे पळायचे आणि रांगेतले सगळे ते आकडे बघायचे, आणि आपलं बोलणंही लक्ष देऊन ऐकायचे. प्रेमात पडलेल्यांची फार पंचाईत.

आमच्या घरी फोन नव्हता. समोरच्या भुसार दुकानात होता, तोच आमचा पीपी नंबर. पद्धत ठरलेली: एकदा फोन करून ‘आईला बोलावता का’ एवढंच म्हणायचं, ठेवायचा, दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. आई दम खात यायची आणि पहिलं वाक्य असायचं, ‘पैसे फार पडत असतील, ठेव आता.’

त्या दुकानदाराचा हिशेब माझ्याकडे अजून बाकी आहे. 1991 च्या मेमध्ये मी सुट्टीला घरी असताना त्याच्याकडे माझ्यासाठी निरोप आला होता, मुलाखत मंगळवारी आहे म्हणून. त्याने तो बुधवारी संध्याकाळी, साखर जोखता जोखता सांगितला. ‘राहून गेलं बघ.’ वडिलांनी मला गप्प बसवलं, कारण पुढच्या निरोपासाठी परत त्याच्याच दारात उभं राहायचं होतं. जुन्या काळाचे गोडवे गाताना ही लाचारी कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

पण निरोप ज्याच्या हातात पडतो, त्याच्यावर सगळं असतं. 1994 च्या पावसाळ्यात एका पहाटे सहाच्या आधी कुणी तरी आमच्या दारावर काठी वाजवली. बूथवाले काका दोन जिने चढून आले होते. त्यांच्या बूथचा नंबर मी गावी देऊन ठेवला होता. म्हणाले, ‘बाळा, वडिलांना बरं नाही. तुला बघायचं म्हणतात. पहिली एसटी धर.’ आणि शंभराची नोट पुढे केली. स्वारगेटपर्यंत मला रडू आलं नाही, कारण त्यांनी मला रडण्यासारखं काही सांगितलंच नव्हतं. फोनवर त्यांना सगळं कळलेलं होतं, हे मला दहाव्यानंतर समजलं.

शंभर रुपये त्यांनी वहीत मांडले नव्हते. मीच मांडायला लावले. उधारी फेडली की ते नावापुढे ‘मिळाले’ लिहून लपेटदार सही करत. त्या दिवशी दोन्ही करताना बराच वेळ लावला.

31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडायचे, आलेल्या फोनलाही. काका हसले होते. 2003 मध्ये आलेला फोन फुकट झाला, तेव्हा त्यांनी काचेच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलं. मग रिचार्ज कूपनं. मग काही नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.

ऑगस्ट संपायच्या आत मी पोस्टात गेलो. पत्ता काकांच्या लेकीचा, चिंचवडचा. हल्ली ते तिच्याकडे असतात. पिनकोड सावकाश, एकेक आकडा चौकटीत बसवून लिहिला. ते सहा आकडे 1972 मध्ये देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतात कविता करणारे. पत्रात विशेष काही नव्हतं. वडिलांच्या वेळचं एकदा लिहून सांगायचं राहिलं होतं, तेवढं लिहिलं. रजिस्टर केलं, एडी लावली.

पोचपावती आठव्या दिवशी आली. सहीचं पहिलं अक्षर थरथरलेलं आहे. खाली, जिथे काही लिहायची गरज नव्हती तिथे, काकांनी लिहिलंय: ‘मिळाले.’