माशीगळाची दोरी आणि तिची जोडगाठ

कोकणात खाडीकाठी गरवावयास बसणाऱ्या माणसास दोरीच्या वजनाची काळजी नसते. गरीजवळ शिशाचा तुकडा बांधलेला असतो. तो भिरकावला की तंगूस त्याच्यामागे सुटत जातो आणि आमिष इच्छित जागी पडते. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील थंड पाण्याच्या नद्यांवर ट्राउट मासा धरण्यासाठी 'फ्लाय फिशिंग' नावाची जी पद्धत प्रचलित आहे, तिच्यात हा क्रम नेमका उलटा आहे. येथे आमिष म्हणजे लहानशा गळावर पिसे व रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी. फुंकर मारली तर उडून जाईल अशी ही वस्तू पंधरा-वीस मीटर दूर फेकावयाची कशी? त्यासाठी वजन दोरीतच घातलेले असते. काठीच्या झोक्याने ही जाड दोरी हवेत उलगडते आणि माशीला आपल्याबरोबर ओढून नेते.

परंतु अशी जाड दोरी पाण्यावर माशाच्या डोळ्यांसमोर पडली तर तो बिथरणार, हे उघड आहे. म्हणून दोरी आणि माशी यांच्यामध्ये सुमारे नऊ फूट लांबीचा पारदर्शक, निमुळता होत जाणारा नायलॉनचा धागा असतो. त्यास 'लीडर' म्हणतात. दोरीकडील त्याचे बूड सुमारे अर्धा मिलिमीटर जाड, तर माशीकडील शेंडा जेमतेम ०.१५ मिलिमीटर असतो. या शेंड्याची जाडी 'एक्स' या अक्षराने सांगण्याचा प्रघात आहे आणि त्याचे मूळ मोठे मनोरंजक आहे. नायलॉन येण्यापूर्वी हा धागा रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून काढीत. तो साच्याच्या भोकातून जितक्या वेळा ओढून बारीक केला, तितके 'एक्स' मोजले जात. रेशीमकिड्याचा धागा गेला, मोजमाप मात्र राहिले. आजही '५ एक्स' म्हणजे एका इंचाचा सहा सहस्रांश.

या लेखाचा विषय आहे तो दोरी आणि लीडर यांच्या सांध्याचा. एकीकडे प्लॅस्टिकचे आवरण असलेली मऊ, फुगीर दोरी, दुसरीकडे कडक व गुळगुळीत नायलॉन. या दोन विजातीय वस्तू एकत्र बांधावयाच्या आहेत. पूर्वी दोरीही रेशमाची होती, तेव्हा लीडरच्या फासात ती साध्या गाठीने अडकवीत. आपले साळी-कोष्टी तुटलेले सूत जोडताना मारतात, त्याच जातीची ही गाठ. प्लॅस्टिकच्या दोरीवर मात्र ती बोजड होते. १९५० नंतर ही दोरी सर्वत्र रूढ झाली, तेव्हा गाठीही बदलाव्या लागल्या.

सर्वांत परिचित गाठ खिळ्याची. दोरीच्या टोकाशी एक खिळा धरावयाचा, लीडरच्या बुडाचा वीतभर भाग त्याला लगटून ठेवावयाचा आणि त्या बुडाने दोरी, खिळा व लीडर या तिन्हींभोवती पाच-सहा वेढे शेजारी-शेजारी घ्यावयाचे. मग मोकळे टोक वेढ्यांखालून, खिळ्यामुळे राहिलेल्या फटीतून, पलीकडे काढावयाचे आणि खिळा ओढून घेऊन दोन्ही टोके सावकाश ताणावयाची. वेढे आवळले की ते आवरणात रुततात आणि घट्ट बसतात. खिळ्याऐवजी पोकळ नळी घेतल्यास टोक ओवणे फारच सोपे जाते. प्रस्तुत लेखकाने कार्यालयातील बॉलपेनची रिकामी रिफिल कापून, सुतळी आणि तंगूस घेऊन हा प्रयोग केला. पहिल्या तीन गाठी हातात सुटल्या, चौथी बसली. सुटण्याचे कारण एकच होते: वेढे एकमेकांवर चढले होते. आणखी एक पथ्य असे की, आवळण्यापूर्वी नायलॉन ओठांनी ओला करावा. कोरडा धागा घासला की उष्णतेने त्याची ताकद कमी होते.

याच गाठीची सुधारलेली आवृत्ती म्हणजे सुईची गाठ. दोरीच्या तोंडातून सुई आत खुपसून सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर ती बाजूने बाहेर काढतात. लीडरचे बूड ब्लेडने तासून त्या छिद्रातून ओवतात आणि मग वेढे घेतात. त्यामुळे लीडर दोरीच्या मध्यातूनच निघाल्यासारखा सरळ राहतो. वेळ अधिक लागतो, पण हिच्याइतका गुळगुळीत सांधा क्वचितच मिळतो.

तिसरी रीत फासात फास अडकविण्याची. आजकाल बहुतेक दोऱ्यांच्या टोकाला कारखान्यातच फास केलेला असतो. लीडरचा फास त्यावर चढवून लीडरचे दुसरे टोक दोरीच्या फासातून ओढून घेतले की काम झाले. बर्फाच्या पाण्याने बोटे बधिर झालेली असताना लीडर बदलावयाचा तर याहून सोय नाही. मात्र दोन्ही फास हातात हात गुंफल्यासारखे बसले पाहिजेत. एक फास उलटून दुसऱ्याला गळफास लागला, तर नायलॉन दोरीला करवतीसारखा कापू लागतो.

एवढ्या बारकाव्यांची गरज काय, असे वाचकांस वाटेल. गरज दोन ठिकाणी पडते. लीडरचे बूड दोरीच्या जाडीच्या साधारण दोन-तृतीयांश नसेल तर सांध्यापाशी बिजागरी तयार होते. फेकीचा जोर तेथेच संपतो आणि माशी सरळ न पडता गोळा होऊन पडते. दुसरे ठिकाण अधिक मोलाचे. काठी नऊ फुटांची आणि लीडरही नऊ फुटांचा. म्हणजे मासा हाताशी आला की सांधा काठीच्या शेंड्यावरील कडीत शिरलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी मासा शेवटची धाव घेतो. गाठ बोजड असेल तर कडीत अडकते आणि धागा तुटतो.

आता कोठे तुटावे, हा खरा प्रश्न. शेंडा साधारण दोन किलोचा ताण सोसतो, दोरीचा गाभा त्याच्या कितीतरी पट. तेव्हा गाठ अखंड असेल तर शेंडाच तुटणार आणि माशाच्या तोंडात एक चिमुकला गळ तेवढा राहणार. गाठच सुटली तर संपूर्ण नऊ फूट नायलॉन घेऊन मासा पळतो. तो खडकात, मुळांत गुंततो आणि मासा तेथेच अडकून मरतो. मासा धरून पुन्हा पाण्यात सोडण्याची शिस्त जेथे पाळली जाते, तेथे अशा एका गाठीने तिचा हेतूच विफल होतो. ट्राउट तर परदेशी पाहुणा; ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून विसाव्या शतकाच्या आरंभी तो काश्मीरात आणि पुढे कुलू खोऱ्यात रुजला. पण याच साधनाने महासीरही धरतात, आणि हिमालयातील सोनेरी महासीर दुर्मीळ झाला आहे. महासीर वाढविणे किती कष्टाचे असते, हे लोणावळ्याच्या वळवण येथील पैदास केंद्र पाहिलेल्यांस सांगावयास नको.

गाठ बांधून झाल्यावर दोन्ही बाजूंनी जोरात हिसका देऊन पाहावा. सुटावयाची असेल तर ती काठावरच सुटू द्यावी. वापराने सांध्यालगतचे आवरण तडकते व आतील विणलेला गाभा दिसू लागतो. असे दिसताच दोरीचा तेवढा इंचभर तुकडा छाटून गाठ नव्याने घालावी.