‘साखर आहे’ म्हटलं की पॉलिसी मिळत नाही?

धाराशिव जिल्ह्यात आयुर्विम्याचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. साखर असेल, बीपीची गोळी चालू असेल, तर फॉर्मवर लिहू नका. लिहिलं की पॉलिसी गेली. सल्ला देणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो आणि त्याचा हेतूही वाईट नसतो. पण माणूस गेल्यावर घरच्यांचा क्लेम अडकतो तो पुष्कळदा याच सल्ल्यापायी.

विमा कंपनी अर्जदाराला पास-नापास करत नाही, त्याची जोखीम मोजते. न्यूयॉर्क लाइफ या अमेरिकी कंपनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेली गुणांकनाची पद्धत थोड्याफार फरकाने आजही जगभर वापरली जाते. त्या वयाच्या सर्वसाधारण माणसाची जोखीम 100 धरायची आणि आजार, वजन, घराण्यातला हृदयविकार, व्यसन यांसाठी त्यात गुण वाढवत जायचं. समजा, साखरेसाठी 50 आणि वाढलेल्या वजनासाठी 25 धरले, तर बेरीज 175 होते. म्हणजे अशा गटात मृत्यूचं प्रमाण पाऊणपट जास्त राहील असा कंपनीचा अंदाज असतो आणि हप्ता त्या मानाने वाढतो. प्रत्येक कंपनीचे तक्ते वेगळे, त्यामुळे एकीने नाकारलेला अर्ज दुसरीकडे जादा हप्त्यावर मंजूर होऊ शकतो. साखर आटोक्यात आहे, औषधं नियमित आहेत, तपासण्यांचे कागद जवळ आहेत, अशा माणसाला बहुतेकदा विमा मिळतो. मूत्रपिंडावर किंवा हृदयावर परिणाम झाला असेल तर मात्र निर्णय पुढे ढकलला जातो किंवा नकार येतो.

हे तक्ते म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. एके काळी विलायती कंपन्या भारतीय माणसाच्या जिवालाच जादा जोखीम समजत आणि त्याच्याकडून वाढीव हप्ता घेत. 1870 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला, तेव्हा ती समजूत मोडायला सुरुवात झाली.

‘मी सिगारेट ओढत नाही, मला कशाला विचारता?’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. फॉर्ममध्ये तंबाखू कोणत्याही रूपात घेता का, असं विचारलेलं असतं. चुना-तंबाखू त्यात आली, महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा आला आणि घरातल्या बायका सकाळी दातांना लावतात ती मिश्रीही आली. टर्म विम्यात लघवीतला तंबाखूचा अंश शोधणारी कोटिनीन तपासणी होते. तंबाखू ओढली, चघळली की दातांना लावली याचा भेद ती करत नाही. मिश्री लावणाऱ्या बाईने ‘नाही’वर खूण केली, तर तिच्या हातून नकळत खोटी माहिती दिली जाते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कळंब, वाशी, भूम या भागांतून जोडपी ऊसतोडीला जातात. गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न शेजारच्या बीडमध्ये इतका गंभीर झाला, की 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीचं ऑपरेशन झालं आहे एवढ्यावर विमा सहसा नाकारला जात नाही. कंपनीला जाणून घ्यायचं असतं ते कारण : रक्तस्राव होता, गाठी होत्या की कर्करोग? त्याचं उत्तर दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डात आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणी अहवालात असतं. हे कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. ऑपरेशन लपवलं तर एरवी साधी ठरणारी गोष्ट संशयाची होऊन बसते.

आता उत्पन्न. ‘हप्ता मी भरतोय ना, मग कितीचाही विमा घेईन,’ असं होत नाही. कमावता माणूस गेल्यावर घराची होणारी आर्थिक हानी भरून काढायची, एवढंच विम्याचं काम. म्हणून कंपनी वय आणि उत्पन्न पाहून मर्यादा ठरवते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेक शेतकऱ्यांकडे आयकर विवरणपत्र नसतं. मग सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, साखर कारखान्याच्या किंवा आडतीच्या पट्ट्या, बँकेचं खातं यांचा आधार घ्यावा लागतो. आधीच्या पॉलिसी विचारतात त्याही एकूण विमा उत्पन्नाच्या मानाने किती होतो हे कळावं म्हणून.

या एका उत्तरावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण प्रसिद्ध आहे. अर्जदाराने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी सांगितली नव्हती. फॉर्म एजंटने भरला, आम्ही फक्त सही केली, हा बचाव 2019 च्या निकालात न्यायालयाने मानला नाही. सही केली म्हणजे मजकूर आपला. आपल्याकडे निम्मे फॉर्म घाईत, कोऱ्यावर सही घेऊन भरले जातात, म्हणून हा निकाल घरोघर माहीत असायला हवा. पॉलिसीबरोबर, म्हणजे लोक ज्याला बॉण्ड म्हणतात त्याबरोबर, भरलेल्या फॉर्मची प्रत येते. ती वाचा. चूक दिसली तर कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी पटली नाही तर हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

याच्या उलट टोकाचाही समज आहे : काहीही लपलेलं निघालं की क्लेम बुडालाच. तसं नाही. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात विमाधारकाने मणक्याचा त्रास सांगितला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाला रक्कम द्यायला लावली. विमा कायदा 1938 च्या कलम 45 नुसार तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पॉलिसीला कोणत्याही कारणावरून आव्हान देता येत नाही. त्याआधी चुकीच्या माहितीवरून क्लेम नाकारला, पण फसवणुकीचा हेतू नव्हता, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात.

पण ही तीन वर्षं कुठून मोजायची, याकडे कोरडवाहू मुलखाने नीट लक्ष द्यायला हवं. सोयाबीन हातचं गेलं की हप्ता थकतो, सवलतीचे 30 दिवस (मासिक हप्त्याला 15) निघून जातात आणि पॉलिसी बंद पडते. पुढच्या हंगामात ती पुन्हा चालू करताना ‘प्रकृती उत्तम आहे’ अशा कागदावर सही घेतली जाते. तो नुसता सोपस्कार नव्हे. मधल्या काळात साखर निघाली असेल तर ती तिथे लिहायलाच हवी. कारण कंपनी जोखीम नव्याने मोजते आणि तीन वर्षांचं घड्याळही पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा सुरू होतं. पंधरा वर्षं जुनी पॉलिसीसुद्धा अशी एका सहीने नव्यासारखी होते.

पहिला हप्ता भरला म्हणजे विमा सुरू झाला, हाही गैरसमजच. कंपनीने अर्ज मंजूर केल्यावरच करार होतो. पैसे घेऊन गप्प राहणं म्हणजे मंजुरी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच सांगितलं आहे.

वैद्यकीय तपासणी नको असेल त्यांच्यासाठी बँकेतली प्रधानमंत्री जीवनज्योती योजना आहे : 18 ते 50 वर्षं वय, वर्षाला 436 रुपये, दोन लाखांचा विमा. नव्याने सामील झाल्यावर पहिल्या 30 दिवसांत अपघाती मृत्यूलाच संरक्षण मिळतं. मेअखेर, नेमकं बी-बियाण्याच्या खर्चाच्या तोंडावर, खात्यात तेवढे पैसे ठेवावे लागतात.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिचं उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतच्या भरपाईचा आदेश देण्याचा लोकपालाला अधिकार आहे.