लैंगिक अत्याचारातून सावरणारी मुलं आणि उपचार : संशोधनाला हात घालण्याआधी काय समजून घ्यावं?



पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, आता विषय ठरवायचा. या टप्प्यावर समाजकार्य, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्राच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना बाल लैंगिक अत्याचार हा विषय घ्यावासा वाटतो. तळमळ खरी असते. माझीही होती. माझ्या पहिल्या आराखड्यातलं पहिलंच उद्दिष्ट होतं, 'अत्याचारग्रस्त बालकांच्या मुलाखती घेऊन त्यांचे अनुभव जाणून घेणे.' सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "हा प्रश्न त्या मुलाला तुमच्या आधी किती जणांनी विचारलेला असेल?"

घरी येऊन मी वहीत मोजलं. आई. घरातली इतर मोठी माणसं. पोलीस. डॉक्टर. दंडाधिकारी. बाल कल्याण समिती. समुपदेशक. सरकारी वकील. शेवटी न्यायालय. म्हणजे मी दहावी. बाकीच्यांच्या विचारण्यामागे त्या मुलासाठी काही ना काही कारण होतं. माझ्याकडे फक्त प्रबंध होता.

त्या प्रश्नामुळे माझा विषय बदलला नाही, पण त्याकडे बघायची दिशा बदलली. मूल सावरतं कसं, त्यासाठी कोणते उपचार आहेत आणि त्यांचा पुरावा काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं होतं. तेच आज तुमच्यासाठी सोप्या भाषेत मांडते.

1. विचारणं तीन प्रकारचं असतं

पोलीस किंवा दंडाधिकारी विचारतात तेव्हा हेतू असतो पुरावा. कोण, कधी, कुठे. समुपदेशक विचारतो तेव्हा हेतू असतो मुलाचं बरं होणं. तिथे तारीख चुकली तरी बिघडत नाही, मुलाला आत काय वाटतंय ते महत्त्वाचं. संशोधक विचारतो तेव्हा हेतू असतो ज्ञान, आणि त्याचा फायदा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी पुढे कधीतरी होतो. हे तिन्ही हेतू एकमेकांत मिसळले की नुकसान मुलाचं होतं. 'मुलाखतीतून मुलांना मोकळं वाटेल' असं तुम्ही आराखड्यात लिहिलं असेल, तर ते खोडा. मोकळं करण्याचं काम उपचाराचं आहे आणि ते एका भेटीत होत नसतं.

2. परिणाम सगळ्या मुलांवर सारखे होत नाहीत

1993 मध्ये केंडल-टॅकेट, विल्यम्स आणि फिंकेलहॉर यांनी 45 अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या तीन गोष्टी संशोधकाने लक्षात ठेवायलाच हव्यात.

पहिली, बहुसंख्य मुलांमध्ये दिसेल असं एकही ठरावीक लक्षण नाही. कुणाला भीती, कुणाला दचकून जाग येणं, कुणाचं अभ्यासातून लक्ष उडणं, कुणाचं वयाला न शोभणारं लैंगिक वर्तन. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये मोजण्याजोगं लक्षणच दिसलं नाही. याचा अर्थ त्यांना काही झालंच नाही असा नव्हे, आणि प्रत्येक मूल 'कायमचं मोडलं' असाही नव्हे.

दुसरी, सुमारे दोन तृतीयांश मुलं पहिल्या 12 ते 18 महिन्यांत सावरताना दिसली. पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं. समजा, तुम्ही उपचाराआधी आणि उपचारानंतर मोजमाप केलं आणि गुण सुधारले. मग श्रेय उपचाराचं की गेलेल्या वेळेचं? तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर याचं उत्तर देताच येत नाही. आपल्याकडचे कितीतरी 'पूर्वचाचणी-उत्तरचाचणी' प्रबंध इथेच अडकतात.

तिसरी, आईचा आधार मिळाला नाही तर लक्षणं वाढतात. थोडक्यात, उपचार फक्त मुलावर करून भागत नाही.

3. टीएफ-सीबीटी म्हणजे नेमकं काय?

या क्षेत्रात सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे आघात-केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच टीएफ-सीबीटी. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी ती विकसित केली. साधारण 12 ते 16 सत्रं, मूल आणि पालक दोघांसाठी. टप्पे असे :

माहिती आणि पालकत्व : झालं ते काय होतं, इतर मुलांच्या बाबतीतही असं घडतं, आणि चूक करणाऱ्याची असते, हे मुलाच्या वयाला कळेल असं सांगणं. पालकांना रोजच्या वागण्यात काय करायचं ते शिकवणं.

शरीर शांत करणं : श्वास, स्नायू सैल सोडणं.

भावना ओळखणं : राग, भीती, लाज यांना नाव देणं आणि त्या किती तीव्र आहेत ते सांगता येणं.

विचार तपासणं : 'मी ओरडले नाही म्हणजे माझीच चूक' असा विचार आला की तो पकडून तपासणं.

कथन : वरची कौशल्यं हाती आल्यावर, मुलाने आपल्या गतीने, थोडं थोडं करत, घडलेलं सांगणं, लिहिणं किंवा चित्रातून मांडणं.

टाळाटाळ कमी करणं : धोका नसलेल्या जागेचीही भीती बसली असेल, जसं अंधारी मोरी किंवा शाळेचा जिना, तर हळूहळू तिथे वावरायला शिकणं. जागा खरोखर सुरक्षित असेल तरच.

पालकांसोबत एकत्र सत्र, आणि शेवटी पुढची सुरक्षितता.

क्रम बघा. घडलेलं सांगणं मध्यावर येतं. माझ्या आराखड्यात ते पहिल्या भेटीत होतं! शिवाय अत्याचार करणारा अजून त्याच घरात असेल, तर आधी मुलाला सुरक्षित करणं हेच काम. आग चालू असताना जखमेवर मलम लावत बसत नाहीत.

4. पुरावा किती पक्का आहे?

2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 ते 14 वर्षांच्या 229 मुलांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागलं गेलं. एका गटाला टीएफ-सीबीटी, दुसऱ्याला बालककेंद्री आधारात्मक उपचार. म्हणजे दुसरा गट वाऱ्यावर सोडलेला नव्हता, हे टिपून ठेवा. आघातोत्तर तणाव, नैराश्य, लाज आणि वर्तनसमस्या यांत टीएफ-सीबीटीचा गट अधिक सुधारला. पालकांचा स्वतःचा मानसिक त्रासही कमी झाला.

मग प्रश्न येतो, कथनाचा टप्पा खरंच लागतो का? 2011 च्या अभ्यासात 4 ते 11 वर्षांच्या 210 मुलांवर हे तपासलं गेलं. सत्रं 8 किंवा 16, कथनासह किंवा कथनाशिवाय, असे चार गट. अत्याचाराशी जोडलेली भीती आणि चिंता कमी करण्यात 8 सत्रं आणि कथन हा गट सरस ठरला. पण वर्तनसमस्या आणि पालकत्वाची कौशल्यं यांत कथनाशिवायच्या 16 सत्रांचा फायदा जास्त दिसला. 'कुठली पद्धत चांगली' यापेक्षा 'कुठल्या मुलाच्या कुठल्या त्रासासाठी' हा प्रश्न जास्त कामाचा, हे यावरून शिकावं.

आणि आपल्यासारख्या, मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला एकही नसलेल्या भागांचं काय? झांबियात लुसाका इथे आघात अनुभवलेल्या 257 मुलांवर झालेला अभ्यास (2015) इथे उपयोगी आहे. तिथे प्रशिक्षण आणि नियमित देखरेख दिलेल्या स्थानिक, बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांनी ही पद्धत वापरली आणि आघाताची लक्षणं बरीच कमी झाली. 'देखरेख' हा शब्द मात्र अधोरेखित करा. दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन अंगणवाडी ताईंना पाठवून दिलं, असा याचा अर्थ नाही.

5. कायदा वाचल्याशिवाय फिल्डवर जाऊ नका

पोक्सो कायदा 2012 चा. 18 वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही लागू. कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा शंका असेल तर ती पोलिसांना कळवणं कोणत्याही व्यक्तीवर बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. यात संशोधकही आला. म्हणून संमतीपत्रात 'तुम्ही सांगाल ते पूर्णपणे गोपनीय राहील' असं छापू नका. ते खोटं आश्वासन ठरेल, आणि ज्या मुलाचा विश्वास आधीच एकदा मोडलाय त्याचा तो तुमच्याकडून पुन्हा मोडेल. गोपनीयतेची मर्यादा काय, हे बोलणं सुरू होण्याआधी साध्या शब्दांत सांगा.

पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. 2020 च्या नियमांनुसार समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलवू नये, आरोपी समोर येऊ नये, याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते. मुलाची ओळख उघड करता येत नाही. प्रबंधात नाव बदललं पण गाव, शाळा आणि साल तसंच ठेवलं, तर ओळख उघड झालीच म्हणून समजा.

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागतेच; शिवाय 7 ते 12 वयाच्या मुलांची तोंडी आणि 12 ते 18 च्या मुलांची लेखी मान्यताही लागते. मूल 'नको' म्हणालं की विषय संपला.

6. मग तुम्ही संशोधन कशावर करू शकता?

भरपूर आहे. भाषेपासूनच सुरुवात करा. परदेशी प्रश्नावलीतला 'अपराधीपणा' आपल्या मुलांच्या तोंडी नसतो. 'कसंतरीच होतं', 'पोटात गोळा येतो', 'जीव घाबरतो' असं ती बोलतात. नुसतं भाषांतर करून मराठी मापनी तयार होत नाही. ती प्रमाणित करणं हाच एक स्वतंत्र, मोलाचा प्रबंध होईल. किंवा पालक घ्या. 'बदनामी होईल, पुढे लग्न कसं जमेल' या भीतीने उपचार अर्धवट सुटतात का? सहाय्यक व्यक्तींचा अनुभव काय? समुपदेशकांचा स्वतःचा मानसिक थकवा किती? यातल्या एकाही प्रश्नासाठी मुलाला पुन्हा ते सगळं सांगायला लावावं लागत नाही.

मी शेवटी समुपदेशक आणि पालक यांच्यावर काम करायचं ठरवलं. मुलांशी कधीच बोलू नये असं माझं म्हणणं नाही. त्यांचा आवाज संशोधनात यायलाच हवा. पण त्यासाठी प्रशिक्षण, त्याच दिवशी मदतीला येईल असा समुपदेशक आणि नैतिक समितीची मंजुरी, हे तिन्ही हाताशी हवं. नसेल तर थांबा.

एक शेवटचं. फिल्डवर जाल तेव्हा 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि उद्दिष्टं लिहायला बसाल तेव्हा त्याखाली एक ओळ जास्त लिहा, 'हा प्रश्न त्या मुलाला याआधी किती जणांनी विचारलाय?' उत्तर लिहिता आलं, तर गाईडकडे जा.