अफवेचे गणित

"अमक्या गावात एकाने लस टोचून घेतली आणि चौथ्या दिवशी तो गेला!" असे वाक्य तुमच्या कानावर कधी आले आहे का? कोविडच्या साथीत, २०२१ साली, अशा गोष्टी गावोगावच्या पारांवर, एस.टी.त आणि मोबाइलवर फिरत होत्या. त्या वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी देशातील काही जिल्ह्यांत निम्म्या पात्र लोकांनीही लशीची पहिली मात्रा घेतलेली नव्हती. हिंगोली हा त्यांपैकी एक. ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी अशा जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलणी केली, तेव्हा अफवांचा विषय निघालाच. लस न घेण्याची कारणे अनेक असतात. शेतीची कामे असतात, केंद्र दूर असते. पण भीती हेही एक मोठे कारण असते.

ही भीती निव्वळ अडाणीपणाची, असे म्हणून चालणार नाही. ऐकलेली घटना खरीही असू शकते. चुकतो तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. कसा, ते गणिताने पाहू.

वही-पेन्सिल घ्या. कोविडच्या आधी, २०१९ साली, आपल्या देशात दर हजार लोकांमागे वर्षाला सुमारे ६ मृत्यू होत होते. म्हणजे १ लाख लोकांत वर्षाला ६००. याला ५२ आठवड्यांनी भागा. आठवड्याला ११ ते १२ मृत्यू झाले. आता समजा, १ लाख लोकांना एकाच दिवशी नुसत्या शुद्ध पाण्याची सुई टोचली. तरीही पुढच्या आठवड्यात त्यांतील दहा-बारा जण वार्धक्याने, हृदयविकाराने किंवा अपघाताने जाणारच. त्या दहा-बारा जणांची गोष्ट गावभर होते. बाकीचे सारे ठणठणीत आहेत, ही बातमी मात्र कोणी कोणाला सांगत नाही.

मग लशीने खरोखर अपाय होतो की नाही, हे ओळखायचे कसे? तुलना करून. लस घेतलेले आणि न घेतलेले असे दोन मोठे गट घ्यायचे आणि दोहोंतील आजार व मृत्यू मोजायचे. कोविडच्या काही लशींमुळे क्वचित, लाखांत एखाद्याला, रक्ताच्या गुठळ्या होतात, हे अशाच मोजणीतून उघडकीस आले. लस घेतल्यावर एखाद-दुसरा दिवस येणारा ताप मात्र नेहमीचा असतो. शरीराच्या संरक्षक पेशी जाग्या झाल्या, की त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे अंग तापते. हे आधीच सांगितले, तर ताप आल्यावर माणूस घाबरत नाही. दडवून ठेवले, तर सांगणाऱ्यावरचा विश्वासच उडतो.

विश्वास उडाला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. इस्पितळात नेऊन माणसे मारतात, अशी अफवा उठली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. ही अफवा लोकांना खरी का वाटली? घरचे लोक भीतीने रोगी लपवीत. तो इस्पितळात पोचे तो अगदी शेवटच्या घटकेला, आणि बहुधा परत येत नसे. त्यामुळे भीती वाढे, आणि लोक रोगी आणखीच लपवीत! पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या समितीने सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. त्या सक्तीने संताप तेवढा वाढला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच वर्षी मुंबईत दुसरी एक गोष्ट घडत होती. हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला. आधी स्वतःवर प्रयोग, मग तुलना!

२०२१ च्या नोव्हेंबरातच 'हर घर दस्तक' मोहीम सुरू झाली आणि आरोग्य कर्मचारी दारोदार गेले. ओळखीच्या आशाताई उंबऱ्यावर बसून शंका ऐकून घेतात, तेव्हा जे साधते ते दवंडी पिटून साधत नाही.

पुढे कधी अशी बातमी कानी आली, तर तीन प्रश्न विचारा. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? किती जणांपैकी एकाला असे झाले? आणि लस न घेतलेल्यांत असे किती जणांना होते? उत्तर मिळेपर्यंत ती बातमी पुढे पाठवू नका.

आता एक उदाहरण तुम्हीच सोडवा. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. मृत्युदर हजारी ६ धरला, तर कोणतीही लस न टोचता तेथे एका आठवड्यात किती मृत्यू होतील? उत्तर काढा आणि घरच्या मंडळींना दाखवा.