मोटारीचा भोंगा आणि त्याचा अधिकार

रिमोटची कळ दाबताच दरवाजांना कुलूप लागले आणि काचेमागे तांबडा दिवा लुकलुकू लागला, की गाडी आता कोणास नेता येणार नाही, हा जो सार्वत्रिक समज आहे, त्यात दोन भिन्न यंत्रणांची गल्लत झालेली असते. भोंग्याची यंत्रणा सामान्यतः केवळ इशारा देते. इंजिनास अटकाव करणे हे इमोबिलायझरचे काम असून, किल्लीच्या मुठीतील चिपचा संकेत ओळखल्याखेरीज तो इंजिन चालू होऊ देत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या मोटारींत सक्तीचा झाला तो हाच इमोबिलायझर, भोंगा नव्हे. या चिपला स्वतःची बॅटरी लागत नाही, किल्लीच्या खाचेभोवतालचे तारेचे वेटोळे तिला ऊर्जा पुरविते. म्हणून रिमोटची बॅटरी संपली की गाडी सुरूच होणार नाही, ही भीतीही निराधार आहे.

भोंगा मात्र रीतसर तैनात करावा लागतो, आणि बहुतेकांची चूक होते ती येथेच. दरवाजे, बॉनेट व डिकी पुरती बंद करून रिमोटनेच कुलूप लावावे. पुष्कळ गाड्यांत त्यानंतरही काही सेकंदांचा अवधी जाऊन मगच पहारा सुरू होतो. किल्लीने दरवाजा बंद केल्यास अनेक मॉडेलांत कुलूप लागते, पण भोंगा तैनात होत नाही. उलट रिमोटने बंद केलेली गाडी किल्लीने उघडली, तर मालकाच्याच हाती तो गर्जू लागतो, आणि यंत्रणेचे हे यथायोग्य वर्तन बिघाड मानून लोक गॅरेज गाठतात. काच फोडल्यास भोंगा वाजेलच, असेही गृहीत धरू नये. आतील हालचाल टिपणारा सेन्सर नसेल, तर दरवाजा उघडेपर्यंत यंत्रणेस त्याची खबरही नसते.

विम्याच्या हप्त्यातील सवलतही कोणत्याही भोंग्यास मिळत नाही; भारतात २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने ती पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेल्या उपकरणांपुरतीच ठेवली होती, आणि तीही गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये.

आपल्या गाडीची परीक्षा घेणे अवघड नाही: काच खाली करून आत बसावे, रिमोटने कुलूप लावावे, मिनिटभर थांबावे आणि आतून दरवाजा उघडावा, भोंगा वाजला नाही, तर पुस्तिकेतील त्यासंबंधीचे प्रकरण त्याच दिवशी वाचावे.