एक शर्यत झाली, मॅरेथॉन महिन्यावर आली : मधल्या दिवसांचं काय करायचं?

डिसेंबरात कोलकात्याची २५ किलोमीटरची शर्यत असते आणि जानेवारीत, सहसा तिसऱ्या रविवारी, मुंबई मॅरेथॉन. दोन्हींच्या मध्ये चार ते पाच आठवडे. कोलकात्यात जीव तोडून धावलेला माणूस सोमवारी कठड्याला धरून जिना उतरतो आणि त्याच वेळी मनात हिशेब करतो, की मुंबईत ४२.१९५ किलोमीटर धावायचे आहेत, तर सराव उद्यापासून की परवापासून? हा हिशेब चुकला, तर वर्षभराची मेहनत स्टार्ट लाइनपर्यंतही पोचत नाही. तुमच्या शर्यती दिल्ली, हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या असतील, तरी हिशेब हाच.

आधी पाय का दुखतात ते पाहू. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय’ असं सर्रास म्हटलं जातं. पण रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट शर्यतीनंतर तास-दीड तासात नेहमीच्या पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशी दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. पाऊल टेकताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. असं हजारो वेळा होतं. उतारावर हा ब्रेक जास्त जोरात लागतो. म्हणूनच साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलेल्यांच्या मांड्या धरतात त्या घाट चढल्यापेक्षा उतरल्यामुळे. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि मग ओसरतं.

खरी गफलत इथूनच सुरू होते. शरीरातली सगळी तूट एका वेगानं भरत नाही. पाण्याची तूट दिवसभरात भरते. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा नीट जेवलं तर एक-दोन दिवसांत भरतो, इजा जास्त असेल तर थोडा उशिरा. स्नायूंच्या डागडुजीला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. कंडरा आणि हाडं त्याहूनही सावकाश सावरतात, आणि ती सुरुवातीला तक्रारही करत नाहीत. म्हणजे चौथ्या दिवशी दुखणं थांबतं, पण काम अर्धवटच झालेलं असतं.

मग किती थांबायचं? न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर यांनी वयाच्या ४१व्या वर्षी, १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक मिळवलं. शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस जोरकस धावणं टाळायचं, हा ठोकताळा त्यांच्या नावानं ओळखला जातो. २५ किलोमीटर म्हणजे साडेपंधरा मैल, म्हणजे १५-१६ दिवस. हा काही प्रयोगशाळेतला नियम नाही, पण अंदाजाला चांगला आहे. या दिवसांत हलकं धावायला हरकत नाही. बंदी आहे ती वेगाला आणि लांब पल्ल्याला.

आता वजाबाकी करा. मॅरेथॉनआधीचे दोन आठवडे सराव कमी करत न्यायचे असतात. अंतर चार आठवड्यांचं असेल, तर १५ अधिक १४, म्हणजे २९ दिवस. हातात २८! मोठ्या सरावाला जागाच उरत नाही. तेव्हा जोरात धावलेले २५ किलोमीटर हाच तुमचा शेवटचा मोठा लाँग रन समजायचा. पाच आठवडे असतील, तर मुंबईच्या साधारण दोन आठवडे आधी एक २८ ते ३० किलोमीटरचा आरामशीर लाँग रन बसतो. एकच. आणि हा हिशेब आधी केला, तर आणखी एक वाट मोकळी राहते : मुंबई हेच ध्येय असेल, तर कोलकात्यात शर्यत न लावता मॅरेथॉनच्या वेगानं किंवा त्याहून हळू धावायचं.

पहिले तीन दिवस फक्त चाला, रोज २०-३० मिनिटं. रेल्वेनं परतत असाल तर तासा-दीड तासानं उठून डब्यात फेरी मारा. पोटात भात, पोळी, केळी आणि त्यासोबत डाळ, उसळ, दही किंवा अंडी जाऊ द्या. पाणी तहानेप्रमाणे प्या. लिटरच्या लिटर पाणी ढोसल्यानं रक्तातलं सोडियम घसरू शकतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि झोप वाढवा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बोलता बोलता धावता येईल इतक्या संथ वेगानं अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात तेच हळूहळू तासापर्यंत.

पुढे जायचं की नाही, हे तपासायला दोन साधे उपाय आहेत. एक, कठडा न धरता जिना सहज उतरता येतो का? दोन, सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा पाच-दहा ठोक्यांनी जास्त येत असेल, तर आणखी एक दिवस विश्रांती.

दोन्ही मांड्या सारख्या दुखणं हा थकवा. पण एकाच पायात, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, लंगडावं लागत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांकडे जा; हाडाला तडा असू शकतो. लघवी चहा-कोलासारखी गडद झाली किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी जा.

आठवडाभर न धावल्यानं सगळं वाया जाईल, ही भीती मनातून काढा. महिनोन्‌महिने कमावलेला दम आठ दिवसांत जात नाही. अर्धवट सावरलेले पाय मात्र अगदी शेवटच्या टप्प्यात वसुली करतात. तेव्हा कॅलेंडर काढा, दोन्ही तारखांवर खूण करा आणि मधले दिवस आजच मोजा. भेटू पुढच्या भागात.