नंबर प्लेट सर्वांना दिसते, तिची नोंद सर्वांची नसते

‘रस्त्यावर सगळ्यांना दिसणाऱ्या नंबर प्लेटमध्ये खासगी ते काय? पोलीस ती माहिती कुणालाही देऊ शकतात.’ बे एरियातल्या मराठी घरांत, गणपतीच्या जेवणापासून मुलांच्या वाढदिवसापर्यंत, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नीट उत्तर द्यायलाच हवं. कॅलिफोर्नियात तरी हे साफ चूक आहे.

चौकातला तो खांब आठवा. वर सौर पॅनेल, खाली छोटा काळा कॅमेरा. तो जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो काढतो आणि नंबर, वेळ, ठिकाण साठवून ठेवतो. तुमची प्लेट पाहणारा शेजारी ती दोन मिनिटांत विसरतो. कॅमेऱ्याच्या महिनाभराच्या नोंदी जुळवल्या, तर तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या देवळात, किती वाजता गेलात याचा माग लागतो. खासगी आहे ते हे!

म्हणूनच २०१५ मध्ये ‘सिनेट बिल ३४’ मंजूर झालं आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झालं. त्यानुसार पोलिसांना ही माहिती विकता येत नाही, आणि द्यायची तर फक्त दुसऱ्या ‘सार्वजनिक संस्थे’लाच देता येते. सगळी मेख या शब्दांच्या व्याख्येत आहे. तीत हे राज्य, त्यातली शहरं, काउंटी आणि त्यांचे उपविभाग येतात. टेक्सासचे पोलीस येत नाहीत, आणि केंद्राचं इमिग्रेशन खातंही नाही. ‘हा तुमचा अर्थ’ असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो: राज्याचे ॲटर्नी जनरल रॉब बोंटा यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलीस खात्यांना हेच लेखी कळवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर त्यांनी परराज्यांतल्या पोलिसांना माहिती दिल्याबद्दल एल कहोन शहरावर दावाच लावला. व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आपल्या माणसांनी तरी ही व्याख्या पाठ करावी.

‘कॅमेरे फक्त गुन्हेगार टिपतात.’ नाही. २०२० च्या राज्य लेखापरीक्षणानुसार लॉस एंजेलिस पोलिसांकडच्या ३२ कोटी छायाचित्रांपैकी ९९.९ टक्क्यांतल्या गाड्या फोटो काढताना शोधयादीत नव्हत्याच.

‘नोंदी लगेच पुसतात.’ न्यू हॅम्पशरमध्ये, जुळणी झाली नाही तर तीन मिनिटांत. कॅलिफोर्नियाच्या या कायद्यात शहर पोलिसांसाठी अशी मुदतच नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे.

‘कायदा मोडला तरी कोण विचारतो?’ नुकसान झालेली व्यक्ती दिवाणी दावा करू शकते; भरपाई किमान २,५०० डॉलर.

वापराचं आणि गोपनीयतेचं धोरण पोलीस खात्याच्या वेबसाइटवर ठळकपणे लावणं याच कायद्याने बंधनकारक आहे. आज रात्री तुमच्या शहराचं ते पान उघडा, माहिती कुणाकुणाला दिली जाते ते वाचा, आणि यादीत परराज्य दिसलं तर नगर परिषदेच्या पुढच्या सभेत उभं राहून विचारा.